गळती कोठली, दोष कोणाचा?

वाङ्मय, तत्त्वविचार व ग्रंथपरीक्षण ह्यांस वाहिलेल्या मासिकांत तेलकट यंत्रांची हकीगत कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यावर आमचें उत्तर एवढेंच कीं, आमच्या नैयायिकांना कार्यकारणभावाचा सूक्ष्म विचार करण्यास कुंभाराचें चाक, त्याची काठी आणि माती वाहणारें त्याचें गाढव एवढी सामग्री पुरली. मग बीड जिल्ह्यांत आज गांवोगांव जें यंत्र उभें दिसतें तें ह्या कामीं कुंभाराच्या चाकाहून कमी उपयोगाचें कां ठरावें? माती उकरणाऱ्या ह्या पिवळ्या यंत्रास आपल्याकडे सरसकट ‘जेसीबी’ म्हणतात. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १९४५ सालीं जो कारखाना काढला त्याच्या नांवाचीं हीं आद्याक्षरें. तीं आतां बालाघाटाच्या डोंगरपट्टींतील शाळकरी पोरांच्याहि तोंडीं बसलीं आहेत. विहीर खोदावयाची असो, शेततळें करावयाचें असो, आटलेल्या तलावांतील गाळ काढावयाचा असो, ह्या यंत्रावांचून पान हालत नाहीं. सन २०१२-१३ च्या दुष्काळापासून तर त्याचा संचार फारच वाढला. एखादा होतकरू तरुण कर्ज काढून, प्रसंगीं रानाचा तुकडा विकून तें घेतो आणि तासाच्या बोलीनें चालवितो. तें एक दिवस बंद राहिलें कीं हप्ता अडतो.

ह्या यंत्राचें सामर्थ्य लोखंडांत नसून तेलांत आहे. कोंडलेल्या द्रवाच्या एका भागावर दाब दिला कीं तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा सिद्धांत फ्रेंच तत्त्ववेत्ता पास्काल ह्यानें मांडला. त्याचा निबंध त्याच्या मरणानंतर १६६३ सालीं छापला गेला. बीडकरांस द्रवाच्या वागणुकीचें कौतुक त्याच्याहि आधींपासून ठाऊक होतें. निजामशाहींत सोळाव्या शतकांत बांधलेली शहराबाहेरील खजाना विहीर आणि तिच्यांतून उतारानें पाणी नेणारे जमिनीखालील पाट ह्याची साक्ष देतात. परंतु तेथें पाणी आपल्या वजनानें वाहतें. येथें तेल पंपाच्या बळानें ढकललें जातें. पोलादी नळकांड्यांत एक दट्ट्या, दट्ट्यास जोडलेला चकचकीत दांडा, आणि तेलाला कोणत्या बाजूस सोडावयाचें तें ठरविणारी झडप, एवढाच हा प्रपंच. नळकांड्यास आमच्याकडील मिस्त्री ‘जॅक’ म्हणतात. कामाच्या वेळीं त्यांतील दाब दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोग्रॅमांपर्यंत किंवा त्याहूनहि पुढें जातो. एवढा दाब अडवून धरण्याचें काम दट्ट्याभोंवतालच्या व दांड्याभोंवतालच्या रबरासारख्या मऊ कड्यांवर सोंपविलेलें असतें. तीं कडीं म्हणजेच ‘सील’. पोलादानें करावयाचें तें पोलाद करितें. शेवटचा भरंवसा मात्र ह्या यंत्रसमुदायांतील सर्वांत मऊ वस्तूवर आहे.

आतां यंत्र गळूं लागतें. मालकाच्या दृष्टीस काय पडतें? जमिनीवर तेलाचा डाग. डागाच्या बरोबर वर जें असेल तें अपराधी, असा निकाल तो तेथल्या तेथें देऊन टाकतो. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेस काम करणाऱ्या एका अनुभवी मिस्त्रीस आम्हीं ह्याविषयीं विचारिलें, तेव्हां तो म्हणाला, “सर, तेल जिथं दिसतंय तिथून निघालेलं नसतंय.” त्याचा अर्थ असा कीं, तेल पाइपाच्या अंगावरून, पत्र्याच्या कडेवरून, धुळीच्या थरांतून हातभर दूर ओघळत जातें आणि मग सोईच्या ठिकाणीं टपकतें. म्हणून तो मिस्त्री प्रथम यंत्र स्वच्छ धुऊन काढितो, कोरडें करितो, थोडा वेळ चालवितो, आणि ओल्या जागांपैकीं सर्वांत उंच जागा शोधतो. शोधतांना तो हात फिरवीत नाहीं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवितो. कारण बारीक छिद्रांतून उडणारी तेलाची चिळकांडी कित्येकदां डोळ्यांस दिसत नाहीं, पण हाताच्या कातडींतून आंत शिरते. वरून टांचणीच्या टोंकाएवढी खूण दिसते, दुखतहि फारसें नाहीं. आणि कांहीं तासांत शस्त्रक्रिया झाली नाहीं तर बोट, क्वचित् सबंध हात, गमावण्याची पाळी येते. असा इसम दवाखान्यांत गेला आणि नुसतें मलम लावून परत पाठविला गेला, तर खूण लहान म्हणून दुखणें लहान मानण्याची ती चूक फार महाग पडते.

बाहेरची गळती निदान दिसते तरी. आंतली गळती दिसत नाहीं. जमिनीवर थेंब नाहीं, टाकींतील तेल कमी होत नाहीं, आणि तरीहि वर उचलून ठेवलेले बकेटचे हात इंजिन बंद केल्यावर हळूहळू खालीं येतात. अशा वेळीं बहुतेक ठिकाणीं ठरलेला निर्णय हा कीं, दट्ट्याचें सील गेलें. नवें सील-किट आणलें जातें, नळकांडें उघडलें जातें, दिवस मोडतो, पैसे जातात. आणि पुष्कळदां हात पूर्वीप्रमाणेंच खालीं येत राहतात.

येथें थोडें गणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. वाचकांनीं क्षमा करावी. समजा, नळकांड्याचा आंतील व्यास १०० मिलीमीटर असून दांड्याचा ६० मिलीमीटर आहे, आणि वरून ५,००० किलोग्रॅमांचा भार दांड्यास आंत ढकलीत आहे. सील धड असेल तर हा भार दट्ट्याच्या सबंध तोंडावर, म्हणजे सुमारें ७८.५ चौरस सेंटिमीटरांवर, पेलला जातो. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ६४ किलोग्रॅम होतो. आतां सील साफ फाटलें अशी कल्पना करा, पण नळकांड्याचीं दोन्ही तोंडें घट्ट बंद आहेत. दांडा आंत येईल काय? सहज उत्तर ‘येईल’ असें आहे, आणि तें चुकीचें आहे. दांडा आंत यावयाचा तर त्याच्या आकारमानाइतकें तेल कोठें तरी गेलें पाहिजे. तोंडें बंद असल्यामुळें तें जाणार कोठें? तेल दट्ट्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाईल, दोन्हीकडील दाब सारखा होईल, दांडा किंचित् दबेल आणि थांबेल. मात्र आतां तो भार दांड्याच्या छेदाएवढ्या, म्हणजे सुमारें २८.३ चौरस सेंटिमीटरांच्याच, क्षेत्रावर तोलला जात असल्यामुळें दाब ६४ वरून सुमारें १७७ वर चढेल. (भार दांड्यास बाहेर ओढीत असेल तर हें लागू नाहीं, तेव्हां एकटें सीलहि घात करूं शकतें.)

मग हात खालीं येतात ते कशामुळें? झडपेमुळें. झडपेच्या आंत जो लहानसा दंडगोल सरकतो, ज्याला ‘स्पूल’ म्हणतात, तो सहज सरकावा म्हणून त्याच्याभोंवतीं केसाच्या दशांशाइतकी किंवा त्याहूनहि कमी फट मुद्दाम ठेविलेली असते. त्या फटींतून नवीन यंत्रांतहि थोडें तेल झिरपतेंच. ही गळती करणाऱ्यानें जाणून-बुजून पत्करलेली आहे. ६४ च्या दाबानें ती नगण्य राहते. १७७ च्या दाबानें ती जाणवूं लागते. आणि स्पूल झिजलेला असेल तर हात डोळ्यांदेखत खालीं येतात. तेव्हां सील बदला, दाब उतरतो, गळती पुष्कळ कमी होते. मालक म्हणतो, पहा, सीलच दोषी होतें. उलट झडप नवी बसवा, हात जागच्या जागीं राहतात. दुसरा मालक म्हणतो, पहा, झडपच दोषी होती. दोघांचाहि पुरावा डोळ्यांसमोरचा आहे आणि दोघांचाहि निर्णय अपुरा आहे.

आम्हांस ह्या विषयाची गोडी लागली ती येथें. जें असतां कार्य होतें आणि जें नसतां होत नाहीं तें कारण, असा अन्वयव्यतिरेकाचा दंडक आमच्या न्यायशास्त्रानें घालून दिला आहे, आणि मिल्लनें १८४३ च्या आपल्या तर्कग्रंथांत बहुतेक तोच निराळ्या पोशाखांत मांडला आहे. कुंभाराचें गाढव घटाचें कारण नव्हे. कारण माती दुसऱ्या कोणी आणिली असती तरी घट झालाच असता. हें गाढव वगळण्यांत शास्त्रकारांनीं मोठें चातुर्य दाखविलें. परंतु जेथें दोन गोष्टी एकत्र आल्यावांचून कार्य घडत नाहीं, आणि दोहोंपैकीं कोणतीहि एक काढली तरी तें थांबतें, तेथें हा दंडक दोघांनाहि ‘कारण’ म्हणून शिक्का देतो आणि गप्प बसतो. यंत्राच्या बाबतींत एवढ्यानें भागतें. सीलास किंवा स्पुलास शरम नाहीं, शिक्षा नाहीं. जें स्वस्तांत बदलेल तें बदलावें. माणसांच्या बाबतींत मात्र आपण ‘कारण’ ह्या शब्दावर न थांबतां लगेच ‘दोष’ ह्या शब्दावर उडी घेतों, आणि ती घेतांना जें स्वस्तांत बदलतां येईल त्यालाच दोषी ठरवितों. चालक बदलणें हें झडप बदलण्याहून स्वस्त असतें. म्हणून यंत्र बिघडलें कीं पहिला संशय चालकावर.

श्रेयाच्या वांटणींतहि हीच गंमत आहे. दाबयंत्राचा हक्क लंडनच्या जोसेफ ब्रामानें १७९५ सालीं मिळविला. परंतु त्याचें यंत्र प्रथम दांड्याभोंवतीं गळे. ती गळती थांबविणारी चामड्याची वाटी त्याच्या कारखान्यांतील हेन्री मॉडस्ली ह्या तरुण कारागिरानें सुचविली असें म्हणतात. पाण्याचा दाबच त्या वाटीच्या कडा फांकवून दांड्यास घट्ट चिकटवी. दाब जितका अधिक, तितकी पकड अधिक. पुढें ह्या मॉडस्लीनें आठवड्याच्या तीस शिलिंगांवर थोडी वाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि तो बाहेर पडला. दाबयंत्राला नांव मात्र ब्रामाचें राहिलें.

आतां पुनः बीडकडे येऊं. एकच सील चार महिन्यांत तीनदां गेलें, असें आपण पुष्कळ ऐकतों. बाजारांतलें सील खोटें निघालें, असा त्यावर शेरा मिळतो; कधींकधीं तो खराहि असतो. परंतु जाणता मिस्त्री सीलाकडे साक्षीदार म्हणून पाहतो. सीलाची कड एकाच बाजूनें झिजली असेल तर दांडा वांकलेला आहे; तिच्यावर बारीक उभे ओरखडे असतील तर तेलांत माती आहे; तें कडक होऊन तडकलें असेल तर तेल फार तापत आहे; आणि त्याची किनार चुरगळून फटींत घुसली असेल तर दाब मर्यादेबाहेर गेला आहे, म्हणजे दाब सोडणारी झडप कोणी तरी ‘जोर वाढावा’ म्हणून पिळून ठेविली आहे. चैत्र-वैशाखांत पारा चाळिशीच्या वर, काळ्या मातीची पिठासारखी धूळ, आणि दिवसांतून चौदा-सोळा तास काम; ह्यांतील एकहि गोष्ट सील-किटाच्या डबींत मिळत नाहीं. फुटलेलें सील फेंकून देऊन नवें बसविणारा मिस्त्री पुराव्याचा कागदच जाळून टाकतो.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे. मग दोष कोणाचाच नाहीं, सारा परिस्थितीचा आहे. हें मत हल्लीं सुशिक्षितांत फार मानवतें. आम्हांस तें चालकावर खापर फोडण्याइतकेंच सोईस्कर वाटतें, किंबहुना अधिक. कारण चालकावर खापर फोडणाऱ्याला निदान एका माणसाच्या तोंडाकडे पहावें लागतें. हात खालीं येतात हें मालकास ठाऊक आहे. वंगण घालण्यासाठीं हेल्पर पोरगा त्याच उचललेल्या हातांखालीं वांकतो. नळकांड्याच्या दांड्यावर चढविण्याचा पोलादी आधार अशा यंत्रांबरोबर येतो. तो धाब्यामागें कोठें तरी गंजत पडलेला असतो. अशा वेळीं अपघात झाला तर स्पूल, सील, धूळ, हप्ता हीं सर्व कारणें खरीं धरूनहि दोष मालकाच्या पदरीं कायम राहतो. कारण तेथें गळती कोठून होती हा प्रश्नच नाहीं. जाणतां येत होतें, थांबवितां येत होतें, आणि थांबविलें नाहीं, एवढेंच तेथें पुरेसें आहे. अमेरिकेंत २८ जानेवारी १९८६ रोजीं ‘चॅलेंजर’ हें अवकाशयान सात माणसांसह नष्ट झालें, तें एका रबरी कड्यामुळें; थंडीनें तें ताठरलें होतें. परंतु चौकशी मंडळ कड्यापाशीं थांबलें नाहीं. आदल्या रात्रीं कांहीं अभियंत्यांनीं थंडींत उड्डाण करूं नये म्हणून आग्रह धरिला होता आणि तो बाजूस सारण्यांत आला, ह्यावर त्यानें बोट ठेविलें. रबरास थंडी जाणून घेतां येत नव्हती. माणसांस येत होती.

आमच्या मतें दोषाचें पहिलें ठिकाण हेंच होय: जो तपासूं शकत होता आणि ज्यानें तपासलें नाहीं. मग ती गळती त्याच्या हातून झालेली असो वा नसो.

बीड जिल्ह्यास ह्या विचाराचें एक उदाहरण आहे. तें येथें मांडतांना आमची लेखणी अडखळते, कारण माणसाच्या देहास यंत्राची उपमा देणें आम्हांस मुळींच रुचत नाहीं. तुलना देहांची नसून निदान करणाऱ्याच्या संवयीची आहे, एवढें ध्यानांत ठेवून वाचकांनीं तें वाचावें. ह्या जिल्ह्यांतून दरसाल दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊस तोडण्यासाठीं बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीस मिळून एक ‘कोयता’ म्हणतात आणि त्या जोडीस मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ मिळते. पहांटेपूर्वीं फड गांठावयाचा, मोळ्या वाहावयाच्या, कोपींत राहावयाचें. आंघोळीस आडोसा नाहीं, पाणी पुरेसें नाहीं, आणि एक दिवस पडून राहिलें तर खाड्याचे पैसे उचलींतून वळते व्हावयाचे. अशा स्त्रियांस ओटीपोटाचें दुखणें, अंगावरून जाणें, हे विकार झाले तर त्यांत आश्चर्य तें काय? सन २०१९ मध्यें डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हां त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यांत चाळिशीच्या आंतल्या कितीएक.

दुखणें जेथें दिसलें तो भाग काढून टाकला. दाब जेथून येत होता तेथें कोणी हात लाविला नाहीं. ह्यांत डॉक्टरचा दोष किती, मुकादमाचा किती, कारखान्याचा किती, आणि दरसाल ह्या माणसांच्या श्रमाची साखर चहांत घालणाऱ्या आमचा किती, ह्याचें अपूर्णांकांत उत्तर काढण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाहीं. परंतु वरील कसोटी येथें लावून पहावी. कोपीजवळ पाण्याची टांकी व शौचकूप नाहीं, हें तपासणें मुकादमास व कारखान्यास कठीण नव्हतें. साध्या औषधोपचारानें बरा होणारा विकार आहे कीं काय, हें तपासणें डॉक्टरचें तर कर्तव्यच होतें. त्या स्त्रीला मात्र तपासण्याचें साधनहि नव्हतें आणि थांबण्याची सवडहि नव्हती. तरीहि ‘बायकाच ऑपरेशन मागतात’ हें वाक्य आम्हीं सुशिक्षितांच्या बैठकींत ऐकलें आहे. मागत असतील. दर आठ दिवसांनीं खाडा पडण्यापेक्षां एकदांचें काढून टाकलेलें बरें, असें तिला वाटावयास लावणारा दाब किती होता, तें त्या बैठकींत कोणी मोजलें नाहीं.

ऊस तोडणारीं यंत्रें आतां फडांत येऊं लागलीं आहेत. त्यांचें पातें, त्यांचे पट्टे, सारें कांहीं तेलाच्याच दाबावर चालतें, आणि ऊस तोडणारा माणूस यंत्राच्या मागें हेल्पर म्हणून उभा राहिल्याचें दृश्यहि क्वचित् दिसतें. तेथें गळतीच्या तक्रारी अर्थातच आहेत. त्या मिस्त्रीकडे आतां अशीं यंत्रेंहि येतात. तो अजूनहि भार देऊन हात वर उचलतो, खालीं कोणास उभें राहूं देत नाहीं, दांड्यावर खडूनें रेघ मारितो आणि दहा मिनिटांनीं रेघ किती मिलीमीटर सरकली तें पहातो. मग हातांस भक्कम टेकू देऊन, दाब सोडून, पाइप सोडवितो आणि नळकांड्याचीं तोंडें बुचानें बंद करून पुनः भार देऊन पहातो. आणि तेवढ्यावर विसंबून सीलास निर्दोष न ठरवितां, पुनः टेकू लावून, दांड्याकडील तोंड उघडें ठेवून, तेथून डब्यांत तेल पडतें कीं काय, तें दुसऱ्यांदा पहातो. ह्या सगळ्याला अर्धा दिवस लागतो. सील बदलण्याची मजुरी मालक कुरकुर न करितां देतात, कारण जुनें सील हातांत घेऊन पाहतां येतें. ह्या अर्ध्या दिवसाचे पैसे मात्र कोणी देत नाहीं. “नुसतं बघितलंच तर आहे,” असें म्हणतात. सध्यां तरी तो अर्धा दिवस त्या मिस्त्रीच्या पदरचाच जातो.